शांतता राखा, गाणं चालू आहे

आमच्या नगर वाचनालयाच्या सभागृहात जिथे व्यासपीठ मांडतात, त्याच्या बरोबर वर भिंतीवर ‘शांतता राखा’ असं लिहिलेलं आहे. नुसती पाटी असती तर खिळ्यावरून काढून ठेवता आली असती. पण हे थेट भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलेलं आहे, हात-हातभर अक्षरांत, आणि खाली देणगीदाराचं नाव आहे. देणगीदाराचे चिरंजीव सध्या कार्यकारी मंडळावर आहेत. वडिलांची शांतता पुसायची कुणाची छाती होत नाही. म्हणून गाण्याच्या दिवशी त्यावर कार्यक्रमाचा फ्लेक्स लावतात. फ्लेक्सची वरची दोन टोकं बांधता येतात. खालची मोकळीच राहतात, कारण तिथे खिळा मारायचा तर तो नेमका देणगीदाराच्या नावात जातो. समोर कोपऱ्यात मान फिरवणारा उभा पंखा. पंखा भिंतीकडे वळला की फ्लेक्स फुगून वर जातो आणि गाणाऱ्याच्या डोक्यावर ‘शांतता राखा’ प्रकट होतं. पंख्याने तोंड फिरवलं की पुन्हा ‘स्वरसंध्या’. बुवा तान घेतायत आणि वरून हुकूम सुटतोय, असा प्रकार संध्याकाळभर चालतो. तालाची जाण असलेल्या एका श्रोत्याने मला मध्यंतरात बाजूला घेऊन सांगितलं, “पंखा झपतालात आहे. तपासून बघा, बरोब्बर समेवर वळतो.”

हे सगळं सुरू झालं ते वाचक वाढावेत म्हणून. दर वर्षीच्या सर्वसाधारण सभेत ‘वाचक कमी होताहेत’ हा विषय अल्पोपाहाराच्या आधी निघतो आणि अल्पोपाहार आला की संपतो. एका वर्षी बटाटेवडे उशिरा आले. तेवढ्या वेळात ठराव होऊन गेला, की वाचनालय म्हणजे काही नुसती पुस्तकं नव्हेत, ते सांस्कृतिक केंद्र झालं पाहिजे. गाणं ठेवलं की माणसं येतील, माणसं आली की पुस्तकं नेतील. आमचे कार्यवाह नुकतेच नाशिकला जाऊन आले होते. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचं स्वतःचं नाट्यगृह आहे, परशुराम साईखेडकरांच्या नावाचं. ते बघून आल्यापासून कार्यवाहांचं आपल्या वाचनालयात मन लागेना. आमच्याकडे नाट्यगृह नाही. एक मोठी खोली आहे. सकाळी ती वृत्तपत्र विभाग असते, दुपारी बालविभाग, आणि खुर्च्यांची तोंडं फिरवली की संध्याकाळी सभागृह. मग सांस्कृतिक उपसमिती नेमली आणि तीत मला घेतलं. मला संगीतातलं काही कळतं असा कुणाचाच समज नव्हता. माझ्याकडे स्कूटर आहे. समई, सतरंजी आणि हार एका खेपेत आणणारा माणूस संस्थेला हवाच होता.

ग्रंथपाल बाईंचा या ठरावाला विरोध नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं, “नियम आपलेच राहतील ना?”

सगळे मोठ्या उत्साहात हो म्हणाले. आपण कशाला हो म्हणतोय ते पहिल्याच मैफलीच्या दिवशी दारात कळलं. गायकबुवा रिक्षातून उतरले. मागून त्यांचा शिष्य दोन तानपुरे घेऊन आला, गवसणीतले, एकेका लहान मुलाएवढे. शिपाईमामांनी हात आडवा केला.

“बॅगा बाहेर ठेवायच्या. टोकन घ्या.”

“अहो मामा, ही बॅग नाही. तानपुरा आहे.”

“असेल. पण चेन आहे ना त्याला?”

शिष्य हवालदिल. कार्यवाह धावत आले. त्यांनी मामांना समजावून सांगितलं, की हा मिरजेचा तानपुरा आहे, मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, हे वाद्य आपल्या महाराष्ट्राचं भूषण आहे. मामांनी सगळं आदराने ऐकलं. मग गवसणीवरून भोपळ्यावर टिचकी मारून म्हणाले, “पोकळ आहे. ह्यात जाताना दोन शब्दकोश सहज जातील.” शेवटी तडजोड झाली. तानपुरे आत गेले, गवसण्या काउंटरवर राहिल्या आणि त्यांची टोकनं बुवांच्या कुर्त्याच्या खिशात गेली. तबलावादकाची पिशवीही अशीच रिकामी करून घेतली. आतली हातोडी पाहून मामांनी तिची वेगळी नोंद केली.

कार्यक्रम सहाचा. पण पाचपासून खोलीत वृत्तपत्रवाले बसलेले असतात. ही मंडळी रोजची. कुणाला कुठला पेपर पहिला, कुठली पुरवणी कुणाकडून कुणाकडे, हा क्रम ठरलेला आहे आणि त्यात फेरफार करण्याची ताकद कोणत्याही घराण्याच्या गायकात नाही. कार्यवाह त्यांच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ काकांपाशी गेले.

“काका, आता गाणं आहे.”

“असू दे की. माझी हरकत नाही.”

“नाही, म्हणजे… पेपर…”

“मला आवाजाचा त्रास होत नाही. तुम्ही करा सुरू.”

खुर्च्यांची तोंडं फिरवताना काकांची खुर्ची त्यांच्यासकट फिरवावी लागली. ती नेमकी पहिल्या रांगेत, मध्यभागी आली. काका अग्रलेख वाचत राहिले. बुवांनी यमन सुरू केला तेव्हा ते अर्थकारणाच्या पानावर होते. गाणं संपल्यावर बुवांनी मला हळूच विचारलं, “पहिल्या रांगेतले ते गृहस्थ कोण हो? काय लयीचं अंग आहे! दर समेला पान उलटत होते.” मी म्हटलं, जुने जाणकार आहेत. खोटं काहीच नव्हतं. काका वीस वर्षांपूर्वीचे बाजारभावसुद्धा सांगतात.

गाण्याच्या आधी प्रास्ताविक असतं. आमच्या कार्यवाहांचं प्रास्ताविक 1828 पासून सुरू होतं, कारण रत्नागिरीचं नगर वाचनालय तेव्हाचं आहे. तिथून ते 1840 ला नाशिकला येतात. 1848 ला पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकाराने नगर वाचन मंदिराची मुहूर्तमेढ रोवतात. 1893 ला ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहतं, 1898 ला मुंबईत. एकोणिसावं शतक संपेपर्यंत तबल्याची एक गट्टी सरकलेली असते. मग मद्रासचे डॉ. रंगनाथन येतात. त्यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले, ते पाचही होतात. चौथा सिद्धांत ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असा आहे. त्यावर कार्यवाह विशेष रेंगाळतात. 1967 चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा लागू होतो तोवर समईच्या दोन वाती पंख्याने विझलेल्या असतात. पंखा बंद करून त्या पुन्हा लावायच्या, फोटो झाला की पंखा सुरू करायचा, वाती पुन्हा विझतात. ज्ञानाचा दिवा आमच्याकडे फोटोपुरता तेवतो, पण फोटोत अगदी छान तेवतो.

फोटोचं आमच्याकडे फार. शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात, वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं आणि तपासणी होते. तपासणीला आलेल्या साहेबांना बुवांचा यमन काही ऐकवता येत नाही. फाइल दाखवावी लागते. तेव्हा 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन असो, 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन असो की स्वरसंध्या असो, फोटोत माणसं दाटीवाटीने दिसली पाहिजेत. बुवांनी विलंबित एकताल लावलेला. हा असा पसरलेला, की एक आवर्तन पुरं व्हायला मिनिटभर लागावं. तेवढ्यात फोटोग्राफर पुढे आला आणि दबक्या आवाजात सूचना देऊ लागला. “मागचे सगळे पुढे या. उजवीकडे सरका. काकू, पिशवी खाली. अजून थोडं उजवीकडे.” बुवा सातव्या मात्रेवर होते तेव्हा श्रोते डावीकडे होते. समेवर आले तेव्हा डावीकडे कुणीच नव्हतं. बुवा अनुभवी. त्यांनी तसेच उजवीकडे वळून पुढचा आलाप घेतला. फोटोत ते इतके रंगलेले दिसतात, की वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर तोच घेतला.

या सगळ्याच्या आधी वाद्यं लावणं झालेलं असतं. हा भाग आमच्या श्रोत्यांना सर्वांत आवडतो, कारण कान तोवर ताजे असतात. शिष्य खुंट्या पिळतोय, बुवा मान हलवून ‘अजून’ म्हणताहेत, तारेखालचा दोरा हलवून जवारी काढली जातेय, तबल्यावर हातोडी ठकठक पडतेय, आणि दुसऱ्या रांगेतून ‘क्या बात है!’ अशी दाद येते. लोक हसतात. मी हसत नाही. 1971 साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशसाठी मैफल झाली, तेव्हा पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अकबर खाँ यांनी नुसती वाद्यं लावली तर हजारो लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. लावणंच एवढं आवडलं तर वाजवणं आणखी आवडेल, अशी आशा पंडितजींनी तिथल्या तिथे बोलून दाखवली होती. आमच्या दुसऱ्या रांगेने त्यांना हीसुद्धा संधी दिली नसती. तानपुरे जुळल्यावर त्यातले दोघे तृप्त मनाने उठून घरी गेले.

सभागृह आणि अभ्यासिका यांच्यामध्ये प्लायवूडची भिंत आहे. पलीकडे स्पर्धा परीक्षेची मुलं बसतात. सकाळी सातला येतात, रात्रीपर्यंत बसतात, डबा तिथेच खातात. खरं म्हणजे वाचनालय आज त्यांच्यामुळे गजबजलेलं आहे. पण ती पुस्तकं स्वतःची आणतात, म्हणून आमच्या हिशेबी ती वाचक नाहीत. विलंबित चालू असेपर्यंत त्यांची तक्रार नव्हती. द्रुत सुरू झाल्यावर एक मुलगा दारात आला आणि मला खुणेने बाहेर बोलावलं.

“सर, किती वेळ अजून? मघाशी बरं चाललं होतं. त्यात माझी राज्यघटना झाली. आता तबला जोरात लागल्यावर गणितं होत नाहीत.”

मी म्हटलं, मध्यंतर होईलच. त्याला पोहे खाऊन जायला सांगितलं. पोह्यांची बातमी प्लायवूडच्या पलीकडे कशी गेली माहीत नाही, पण मध्यंतरात सगळी अभ्यासिका हजर. श्रोत्यांची संख्या एकदम तिप्पट झाल्याचं पाहून कार्यवाहांचे डोळे पाणावले. फोटोग्राफरला त्यांनी पुन्हा बोलावून घेतलं. त्या मुलाने पोह्यांची बशी हातात धरूनच बुवांना गाठलं.

“सर, एक विचारू? तुमचं घराणं कोणतं?”

प्रश्न बुवांच्या जिव्हाळ्याचा. ते खुलले. सुरुवातीची तालीम ग्वाल्हेरची, मग किराण्याच्या गुरूंकडे काही वर्षं, आणि पुढे जयपूरचीही विद्या थोडीफार मिळाली, असं त्यांनी गुरूंचं नाव निघेल तिथे कानाच्या पाळीला हात लावत सविस्तर सांगितलं. मुलाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे ‘वरीलपैकी सर्व’,” तो म्हणाला आणि दुसरी बशी घ्यायला गेला.

जाणकारांचा त्रास मात्र वेगळा. बालविभागाच्या लाकडी घोड्याशेजारच्या दोन खुर्च्यांवर दोन निवृत्त गृहस्थ बसतात. दोघांचेही कान तयार. दोघांचंही एकमेकांशी पटत नाही आणि दोघंही एकमेकांशिवाय मैफलीला येत नाहीत. राग सुरू झाला की त्याचं नाव आधी कोण उच्चारतो याची शर्यत लागते.

“यमन.”

“यमन कल्याण. आत्ता शुद्ध मध्यम लागला.”

“शुद्ध मध्यम नव्हता तो. माईकची शिट्टी होती.”

“शिट्टीच, पण शुद्ध मध्यमात होती.”

हा वाद इतका रंगला, की साउंडवाल्याला बोलावून साक्ष घेतली. त्याने कानामागची पेन्सिल काढून प्रामाणिकपणे सांगितलं, की आपल्याकडे शिट्टी फक्त हनुमान जयंतीच्या कार्यक्रमात वाजते, आज वाजलेली नाही. मग दोघांनी मिळून साउंडवाल्यालाच संगीतातलं काही कळत नाही असं ठरवलं आणि भांडण मिटलं.

गाण्यावरच थांबलो असतो तर बरं. पण कार्यवाहांना नाशिकचं नाट्यगृह स्वप्नात येत असे. तेव्हा कविसंमेलन झालं. कविसंमेलनात प्रत्येक कवी आपली कविता झाली की तातडीच्या कामाला निघतो आणि शेवटच्या कवीला श्रोता म्हणून माइकवाला तेवढा उरतो, असा सर्वत्र अनुभव आहे. ग्रंथपाल बाईंनी मानधनाची पाकिटं कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली आणि पाकिटं संमेलन संपल्यावर मिळतील असं जाहीर केलं. एकही कवी हलला नाही. शेवटच्या कवीला इतके श्रोते आयुष्यात प्रथमच मिळाले, त्याला हुंदका आला. त्याला बाकीच्यांनी कविता समजून दाद दिली.

रांगोळीचं प्रदर्शनही झालं. त्याबद्दल फार बोलायला नको. एका मुलीने रात्रभर जागून लोकमान्यांचं पोर्ट्रेट काढलं होतं, पागोट्याची घडीन् घडी दिसत होती. सकाळी पेपरवाले काका त्यांच्या रोजच्या जागेवर रोजच्या रस्त्याने गेले. मिशीचा डावा भाग आता त्यांच्या चपलेला आहे.

पण खरा कळस चित्रप्रदर्शनाने केला. स्थानिक चित्रकारांच्या जलरंगातल्या निसर्गचित्रांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं. भिंती कुठे मोकळ्या आहेत? एका भिंतीवर शांतता, दुसरीवर संस्थापकांच्या तसबिरी, तिसरीत खिडक्या, चौथी प्लायवूडची. मग चित्रं पुस्तकांच्या कपाटांवर टांगली. काचेच्या दारांवर हुक अडकवून, एका कपाटावर एक अशी. कादंबऱ्यांवर सूर्यास्त, चरित्रांवर घाटातला पाऊस, ललितवर कोकणातलं घर, आणि धर्म-अध्यात्मावर बाजाराचा दिवस. चित्रकार म्हणाले, चित्राला हात लावायचा नाही, रंगांना बोटं लागतात. बाईंनी नियमात नोंद घेतली. चित्र असेतो कपाट उघडायचं नाही.

दुपारी एक आजी आल्या. आमच्या फार जुन्या सभासद. एका मोठ्या कादंबरीचे दोन भाग त्यांनी वाचून संपवले होते आणि नायिका दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर अंधारात विहिरीकडे निघाली होती.

“तिसरा भाग द्या हो.”

“तो सूर्यास्ताच्या मागे आहे,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे संध्याकाळी येऊ?”

“नाही. सूर्यास्त सोमवारी निघेल.”

“सोमवारी! अहो, ती पोरगी विहिरीपाशी उभी आहे.”

“विकलं गेलं तर आधीही निघेल.”

आजी कपाटापाशी गेल्या. चष्मा पुसून त्यांनी सूर्यास्त नीट पाहिला. कडेने वाकून, फ्रेम आणि काच यांच्या फटीतून मागचा पुस्तकाचा कणा दिसतोय का तेही पाहिलं. तिसरा भाग दिसत होता, जाडजूड, तपकिरी बांधणीचा, कण्यावर पांढरं लेबल. त्या परत आल्या, पर्स उघडली आणि विचारलं, “केवढ्याला आहे?”

चित्रकार धावत आला. आयुष्यातलं पहिलं विकलं गेलेलं चित्र. आजींना नमस्कार करून त्याने विचारलं, “तुम्हाला यातलं नेमकं काय भावलं?” आजी म्हणाल्या, “मागची बाजू.” तो सद्गदित झाला. चित्राचं अंतरंग पाहणारी माणसं अजून आहेत, असं त्याने समारोपाच्या भाषणात तीनदा सांगितलं. प्रदर्शनात विकलं गेलेलं ते एकमेव चित्र, आणि त्या आठवड्यात घरी गेलेलं ते एकमेव पुस्तक. म्हणजे ठरावात म्हटल्याप्रमाणे कलेमुळे वाचन झालं, यात शंका नाही. सूर्यास्त सध्या आजींकडे फ्रिजच्या बाजूच्या फटीत असतो. मी पाहिलाय.

मैफलीकडे परत येतो, कारण ती अजून संपलेली नाही. आमचे अध्यक्ष मालकंसाचे भोक्ते. मध्यंतर आटोपल्यावर त्यांनी फर्माईश केली. बुवा अदबीने म्हणाले, “साहेब, मालकंस उत्तररात्रीकडे झुकणारा राग. आता जेमतेम साडेसात होताहेत.”

“मग शेवटी घ्या.”

“साडेआठला बंद,” बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी क्षणभर विचार केला. “मामा, ट्यूबलाइट घालवा. बुवा, रात्र करून देतो.”

दिवे गेले. पलीकडे अभ्यासिकेचेही गेले, कारण बटण एकच आहे. प्लायवूडच्या मागून उठलेला आवाज कोणत्याच थाटात बसणारा नव्हता. दिवे परत आले. बुवांनी प्रसंग ओळखून एक नाट्यगीत घेतलं. त्याला काकांनीही पेपर खाली ठेवला. पण तोवर सव्वाआठ झाले होते आणि शिपाईमामांची शेवटची बस पावणेनऊची असते. त्यांनी लोखंडी सरकतं दार अर्धं ओढलं. मग एकेक खिडकी बंद करत, किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत ते व्यासपीठाच्या मागून पुढे आणि पुढून मागे फिरू लागले. बुवांनी एकदा जुडग्याकडे पाहिलं आणि घड्याळाकडे न पाहताच भैरवी सुरू केली. सकाळची रागिणी, पण मैफलीचा शेवट तिने करायचा हा रिवाज असल्यामुळे आमच्याकडे सगळ्यांत जास्त गायली जाते तीच. मालकंस आमच्या वाचनालयात आजवर झालेला नाही. जोवर मामा बदलीच्या बसने जायला तयार होत नाहीत तोवर होणारही नाही. सार्वजनिक वाचनालयांच्या कामाच्या वेळेमुळे रात्रीच्या रागांवर किती अन्याय झाला, यावर कुणीतरी प्रबंध लिहायला हवा. लिहिला तर आमच्याकडे तो 780 मध्ये लागेल. ड्यूईच्या दशांश पद्धतीत संगीताचा आकडा तोच, आणि आमच्याकडे ते कपाट तसं मोकळंच आहे.

बुवांचा सत्कार झाला. पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक द्यायची आमची प्रथा आहे. बाई त्यासाठी दुबार आलेल्या प्रती काढतात. बुवांना भूजल व्यवस्थापनावरचं मिळालं. आभार झाले. लोक निघाले. बाई खुर्च्या मोजू लागल्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर डेडस्टॉक रजिस्टरचा क्रमांक पांढऱ्या रंगाने घातलेला आहे आणि तो क्रमाने जुळल्याशिवाय दार लागत नाही. एकशे चौदा नंबर सापडेना.

तो आतल्या कपाटांच्या रांगेत सापडला. त्यावर तबलावादक उभा होता आणि वरच्या फळीत मान तिरपी करून नावं वाचत होता. संध्याकाळभर आलेल्या लोकांपैकी पुस्तकांच्या दिशेने गेलेला हा पहिला माणूस.

“बाबूराव अर्नाळकर आहेत का हो? झुंजारचं काही?”

अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. आमच्याकडे त्यातल्या ज्या आहेत त्या वरच्या फळीवर आहेत, आणि बाईंचा त्यांच्यावर जीव आहे हे मला त्या दिवशी कळलं. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. आवाज मात्र तोच.

“सभासद आहात?”

“नाही. मी मिरजेचा.”

“बाहेरगावच्यांना अनामत दुप्पट. आणि दोन सभासदांची शिफारस.”

शिफारशीवर मी सही केली आणि पेपरवाल्या काकांनी केली. अनामत त्याच्याजवळ नव्हती. बाईंनी कमरेची किल्ली काढून कपाट उघडलं, त्याच्या मानधनाचं पाकीट बाहेर घेतलं, त्यातून अनामत आणि वर्गणी मोजून काढली, पावती फाडली आणि उरलेलं पाकीट पावतीसकट त्याच्या हातात दिलं. कार्यवाह पाहत राहिले. तो झुंजार बगलेत मारून बाहेर पडल्यावर त्यांना कंठ फुटला.

“बाई, अहो, पाहुणे ते. मानधनातून कापायचं म्हणजे…”

“पंधरा दिवसांनी पुस्तक परत करायला येणार ना?” बाई रजिस्टर मिटत म्हणाल्या. “तबला घेऊन या म्हटलंय. तुम्ही फक्त सतारवाला सांगून ठेवा.”

“आणि नाही आला तर?”

“दिवसाला एक रुपया दंड.”